सालांची चटणी

बेरशेबा, ४ जानेवारी २०२३

प्रिय सुलू,

फोनवर दोन ओळी टाकून "बाकीचं कागदावर" म्हटलं, त्यावर तू रागावलीस. पण काय करू? माझी नात आली की माझा फोन उचलते आणि मराठी मजकुराचं हिब्रू करून सगळ्यांना वाचून दाखवते. हल्ली यंत्रालाही मराठी कळायला लागलंय. तुझं-माझं हुबळीच्या शाळेतलं गिचमिड अक्षर मात्र अजून कुणाच्या बापाला लागत नाही. म्हणून कागद.

तर इमा, म्हणजे माझ्या सासूबाई, नोव्हेंबरात घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर मिळाला. वय ब्याण्णव. एली असता तर त्यानं काय ते ठरवलं असतं, पण त्याला जाऊन तीन वर्षं झाली आणि तो त्यांचा एकुलता एक. तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. दुसरं कोण आहे त्यांना?

झोपतात नीट, वॉकर धरून चालतातही. अडचण एकच आहे, माझ्या हातचं खात नाहीत. सकाळी मदतीला बाई येते, तिच्याकडून थोडं दही आणि एखादं बिस्किट घेतात. दुपारी आणि रात्री मी वाढते. सूप केलं, मऊ भात केला, त्यांच्या पोलंडकडच्या पद्धतीचा मासाही शिकून केला. ताट ठेवून शेजारी उभी राहते. त्या ताटाकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि चमचा खाली ठेवतात. मग मी सगळं झाकते आणि आत ओट्यापाशी उभ्यानं चार घास पोटात ढकलते. ते काय, तुझं-माझं जन्माचंच आहे.

वजन उतरत चाललंय. डॉक्टर म्हणतात, एप्रिलमधल्या पेसाहच्या सणापर्यंत वाट बघू. नाही खाल्लं तर नळी घालावी लागेल, आणि नळी म्हणजे घर नाही, म्हाताऱ्यांचं रुग्णालय. तिथला अर्ज आणून ठेवलाय, फक्त माझी सही हवी. खरं सांगू? एक मन म्हणतं, करून टाक. चव्वेचाळीस वर्षांत या बाईनं माझ्या घरचा घास घेतला नाही, आता शेवटी काय घेणार? दुसरं मन मात्र रोज उठून सूप लावतं.

तू काय म्हणतेस ते लिही. तुला मत नाही असं कधी झालेलं आठवत नाही.

तुझी,
मिल्का


मळमड्डी, धारवाड, २५ जानेवारी

प्रिय मिल्का,

मत विचारलंस ना, मग घे. सही कर.

मला तुझा तो १९७९ चा निळा एरोग्राम अजून पाठ आहे. नवीन लग्न, पहिल्या शुक्रवारी सासू जेवायला येणार. हुबळीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये तुझी आई दोडक्याच्या शिरांची चटणी करायची, तशी करून वाढावी म्हणून तू जिवाचा आटापिटा केलास. दोडका काही तिथं मिळेना, तेव्हा बटाट्याची सालं धुऊन, कुरकुरीत तळून, तीळ-मिरची घालून वाटलीस. म्हणजे आपल्याकडे पाहुण्याला खास म्हणून करतात ती गोष्ट. आणि ती बाई काय करते, तर चटणी बघून ताटावरून उठते, कोट घालते आणि चालती होते! वर पुढच्या शुक्रवारपासून घरनं भाज्या सोलून डब्यात घालून आणायला लागली. जणू चेऊलकरांच्या मिल्काला बटाटा सोलता येत नाही. जणू तुझे हात घाण. डबा ठेवायची, चहा प्यायची, जायची. तू इतकी वर्षं ते डबे घेत राहिलीस, मी असते तर तिच्याच हातात परत दिले असते.

तुझी हिटलर (आपण ठेवलेलं नाव विसरली नसशील) आता थकली म्हणून तू का खपतेस? करणाऱ्या बाया पगार घेऊन करतील. तुझेही गुडघे गेलेत, मला माहीत आहे, तू लिहीत नाहीस.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. विठ्ठलराव म्हणजे तुला माहीतच आहेत, डोळ्यांत पाणी आणून "पाप, मुदुकी" म्हणाले. बिचारी म्हातारी म्हणे. यांना जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची दया येते, कारण यांना कुणाला वाढायचं नसतं. मी ताट पुढे केलं की हे जेवणार. मी त्यांचं झालं, मग सुनेचं, सावनीचं झालं, की शेवटी. सून म्हणते, "आई, बसा हो बरोबर." मी म्हणते, गरम भाकरी काय आपोआप तव्यावरून उडत येणार?

ते जाऊ दे. सही कर आणि मला कळव.

तुझी,
सुलभा


बेरशेबा, १४ फेब्रुवारी

प्रिय सुलू,

पत्र मिळालं. सही अजून केलेली नाही.

एक विनंती आहे. ते नाव यापुढे लिहू नको. आपण कॉलेजात कडक मॅडमना ते म्हणायचो आणि माझ्या सासूलाही चिकटवलं. तू लिहायचीस आणि मी वाचून हसायचे. इथं येऊन इतकी वर्षं झाली, मला आधीच सांगायला हवं होतं. त्या बाईच्या घरातली सगळी माणसं त्याच माणसामुळे गेली. तू मुद्दाम लिहिलं नाहीस हे मला ठाऊक आहे.

एलीला जेवढं माहीत होतं तेवढंच मला माहीत आहे. पोलंडमधलं एक मोठं गिरण्यांचं शहर, त्याला वूच म्हणतात. जर्मनांनी ते घेतल्यावर सगळ्या ज्यूंना शहराच्या सगळ्यात दरिद्री भागात कोंडलं, भोवती तार आणि पहारा. त्याला घेट्टो म्हणत. दीड लाखाच्या वर माणसं. इमा तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. आई होती, धाकटा भाऊ होता, वडील आधीच गेले होते. चार-पाच वर्षांनी युद्ध संपलं तेव्हा त्या एकट्या उरल्या होत्या. यापलीकडे त्यांनी मुलालाही काही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "भूक होती." बस्स, विषय संपला.

आणि मी काय समजत आले सांगू? आपण हिंदुस्तानातले, रंगानं काळे. आम्हा हिंदुस्तानी ज्यूंना इथले धर्मगुरू एके काळी विचारायचे, तुम्ही खरे ज्यू कशावरून. मला वाटलं, यांच्याही मनात तेच. माझ्या हातचं शुद्ध नाही. मी त्यावर कधी भांडले नाही, पण विसरलेही नाही.

सिनेमात दाखवतात तसं त्या उशीखाली पाव वगैरे लपवत नाहीत. उलट सकाळच्या बाईनं दिलेलं अर्धं बिस्किट रुमालात गुंडाळून माझ्या ओट्यावर आणून ठेवतात. रोज. नको झालेलंही परत करायचं, म्हणजे बघ. काल मला फार राग आला आणि मी ते त्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्या बघत राहिल्या.

तुझी,
मिल्का


मळमड्डी, ३ मार्च

प्रिय मिल्का,

त्या नावाचं चुकलंच. नुसतं चुकलं म्हणून सुटका नाही, म्हणून जरा जास्त लिहिते. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध म्हणजे पुस्तकात दीड पान, आणि घेट्टोला तर त्यात एक ओळसुद्धा नव्हती. पोरं मला मागून हिटलर बाई म्हणायची आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. निरोप समारंभात एका माजी विद्यार्थ्यानं माईकवर सांगितलं, सगळे हसले, सगळ्यांत जास्त मी हसले. तुझं पत्र वाचल्यावर ते हसणं आठवलं आणि लाज वाटली. यापुढे माझ्या तोंडात ते येणार नाही.

पण माझं मत बदललं असं समजू नको. त्यांनी सोसलं ते सोसलं, त्याची शिक्षा तुला का? तू कोणाचं काय बिघडवलंस? तुझ्या आईच्या हातची चव त्यांच्यापुढे ठेवलीस, एवढाच तुझा गुन्हा.

आता कामाचं. माझा भाचा श्रीनिधी, सप्तापुरात राहतो, इथल्या शेतकी विद्यापीठात शिकवतो, तो तुमच्या वाळवंटात ठिबकचं पाणी बघायला येतोय. बेरशेबाजवळच. पेढे द्यायला निघाला होता, मी म्हटलं, पेढे कोणीही देईल. त्याच्याबरोबर दोडक्याच्या शिरांची कोरडी चटणी पाठवतेय. शिरा जून नव्हत्या, उन्हात वाळवून, खोबरं थोडं जास्त घालून, तुला आवडायची तशी. त्या शुक्रवारनंतर तू ती पुन्हा केलीच नाहीस असं एकदा लिहिलं होतंस. त्यांच्यासाठी नाही पाठवत, तुझ्यासाठी पाठवतेय. त्यांच्या समोर खाऊ नको, त्यांच्या मागे खाऊ नको, तुला हवी तेव्हा खा. तुझ्या घरात तुला एक चटणी खायची चोरी?

तुझी,
सुलभा

ता. क. श्रीनिधी लाजाळू आहे. जेवलास का म्हणून विचारलंस तर हो म्हणेल. विचारू नको, वाढ.


बेरशेबा, २८ मार्च

प्रिय सुलू,

श्रीनिधी येऊन गेला. वाढलं, जेवला, मराठीत बोलता बोलता मध्येच कन्नडात घुसला आणि मीही घुसले. जेवण फार छान झालं म्हणून त्यानं "भाळ छलो आत" म्हटलं, किती वर्षांनी ते शब्द कानावर पडले. तो गेला आणि मला घर सुनं वाटलं. पण ते नव्हे सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखं इमांना सूप वाढलं. नेहमीसारखा त्यांनी चमचा ठेवला. मी आत आले. पावाच्या तुकड्यावर तुझी चटणी घेतली, वर तेल, आणि ओट्यापाशी उभी राहून खायला लागले. दोन घास खाल्ले असतील, मागून वॉकरचा आवाज. त्या दारात.

"काय खातेस?"

मी म्हटलं, चटणी. कशाची, म्हणून विचारलं. मला खोटं बोलावंसं वाटेना, आणि शिरांना हिब्रूत वेगळा शब्द येईना, म्हटलं सालांची. त्यांचा चेहरा बदलला. बटाटे संपले का, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही हो इमा, घर भरलंय बटाट्यांनी. मला सालं आवडतात.

सुलू, त्यांनी वॉकर सोडला. एका हातानं ओटा धरला आणि दुसऱ्यानं माझी ताटली ओढून सिंकमध्ये टाकली. मी घाबरले, त्या पडतील म्हणून धरायला गेले. त्यांनी माझंच मनगट धरलं आणि म्हणाल्या, "माझी आई हेच म्हणायची."

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि बोलल्या. एलीला कधी सांगितलं नाही ते मला सांगितलं. रडल्या नाहीत. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगत होत्या, तसंच लिहिते.

एका खोलीत ते तिघं आणि आणखी एक कुटुंब. घेट्टोच्या मधून शहराची ट्राम जायची, पण तो रस्ता यांचा नव्हता. वरून लाकडी पूल, त्याच्यावर चढून पलीकडे जायचं, खालून ट्राममध्ये शहरातली माणसं बसलेली. बाराव्या वर्षी इमा कारखान्यात लागल्या. जर्मन शिपायांना बर्फात घालायला गवताचे बूट विणायचे. विणलं तर दुपारचं सूप. पाव मिळायचा तो कित्येक दिवस पुरवायचा. बटाटे कधी यायचे, बरेचदा गोठून काळे पडलेले. आई बटाटा सोलायची, आतला गर दोघा मुलांना. सालं यंत्रात दळून, कॉफीच्या गाळात मळून पत्र्यावर थापायची, ती तिची. मुलांनी विचारलं तर म्हणायची, मला सालंच आवडतात. इमांना ते खरं वाटायचं. कारखान्याच्या स्वयंपाकघरातली सालंसुद्धा फुकट नव्हती मिळत, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागायची. आईनं चिठ्ठी मिळवली तेव्हा मुलगी खूश झाली, आईला आवडीचं मिळालं म्हणून.

बेचाळीसच्या सप्टेंबरात घरातून बाहेर पडायची बंदी आली. दहा वर्षांच्या आतली मुलं, म्हातारे आणि आजारी माणसं द्या, असा हुकूम होता. चौकात सगळ्यांना उभं केलं. आईनं भावाच्या गालांना बीट चोळलं, बुटात चिंध्या घालून उंच केलं. सहा वर्षांचा होता. नेलाच. नेलेल्यांना बंद गाड्यांत धूर सोडून मारलं, हे इमांना युद्धानंतर कळलं. आई त्या हिवाळ्यात गेली, पाय सुजून. इमा म्हणाल्या, मरायच्या आदल्या दिवशीही तिनं मला वाढलं आणि स्वतः उभी होती. तिला बसून खाताना मी त्या खोलीत कधी पाहिलं नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूही बसत नाहीस."

पुढे म्हणाल्या, पहिल्या शुक्रवारी मी तुझ्या घरी आले. यंत्र फिरल्याचा आवाज आला. तू सालं वाटलीस. आम्हाला वाढलंस आणि स्वतः उभी राहिलीस. एलीनं विचारलं तर म्हणालीस, मला आवडतात. मी कसं खाणार होते? माझ्या मुलाच्या घरात एक पोर सालं खाते आणि मी बटाटा खाऊ?

म्हणून डबे, सुलू. घरून सोलून आणायच्या, म्हणजे माझ्या हाती सालं लागायला नकोत. इतक्या वर्षांचे शुक्रवार. आणि बिस्किटं मला परत करत नव्हत्या. माझ्यासाठी ठेवत होत्या. त्यातलं एक मी त्यांच्या डोळ्यांदेखत फेकलं.

मी समजावलं की आमच्याकडे ही चटणी चवीसाठी करतात, भरलेल्या घरात करतात. बाईमाणूस शेवटी जेवतं ती रीत आहे, उपास नव्हे. त्या ऐकून घेत होत्या, पण पटलं असं वाटलं नाही. शेवटी मी सुपाचं पातेलं टेबलावर आणलं, खुर्ची ओढली, बसले, आणि आधी मला वाढून घेतलं. सुलू, वडीलधारं माणूस समोर उपाशी आणि मी आधी घास घेते! माझ्या आईनं पाहिलं असतं तर. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी दोन-तीन घास गिळले. मग त्यांनी चमचा उचलला.

अर्धी वाटी खाल्लं. अर्ज अजून टेबलावर आहे. पुढचं बघू.

तुझी,
मिल्का


मळमड्डी, २० एप्रिल

प्रिय मिल्का,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ह्यांना वाचून दाखवायला बसले, मधेच सावनीच्या हातात दिलं, पुढचं तिनं वाचलं.

मी तुला सही कर म्हटलं होतं. त्यांच्या डब्यांबद्दल जे जे लिहिलं ते सगळं मी मागे घेते, एकूण एक. तुझ्या बाजूनं बोलण्याच्या नादात मी त्या बाईला इतकी वर्षं वाईट ठरवत आले आणि तुला खतपाणी घालत आले.

परवा मी जेवायला आधी बसले. म्हणजे सगळ्यांबरोबर. भाकऱ्या आधीच करून टोपलीत झाकल्या, गार झाल्या तर झाल्या. विठ्ठलराव आपले ताटाशी बसून वाट बघतायत, मी उठेन म्हणून. मी नाही उठले. शेवटी स्वतः उठले आणि मीठ शोधायला लागले. या घरात मीठ कुठे असतं ते त्यांना संसाराच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. सावनी हसू दाबत होती. मला मात्र सारखं वाटत होतं तव्यावर काहीतरी राहिलंय. होईल सवय.

एक विचारायचं राहिलं. तू सगळं लिहिलंस, पण त्यांच्या आईचं नाव काय होतं? आणि भावाचं? मळमड्डीत बसून मला दुसरं काय करता येणार, नावं तरी ठाऊक असू देत.

त्या खातायत का? सगळं सोडून आधी ते लिही.

तुझी,
सुलभा


बेरशेबा, १६ मे

प्रिय सुलू,

आधी तेच लिहिते. खातायत. थोडं थोडं, पण रोज, आणि मी समोर बसून खात असले तरच. मी फोन घ्यायला उठले की चमचा थांबतो. म्हणून जेवताना आता मी उठत नाही, फोन वाजून वाजून बंद पडतो. डॉक्टरांनी वजन केलं आणि नळीचं नाव काढलं नाही. सोशल वर्कर बाई अर्ज न्यायला आली, तिला कोराच परत दिला. चहा पिऊन गेली.

नावं विचारून घेतली. आईचं नाव रायझेल, भावाचं मोतेक. कागदावर मराठीत लिहून इमांना दाखवली. हे कोण वाचणार, म्हणाल्या. मी म्हटलं, धारवाडची माझी मैत्रीण. त्यांनी अक्षरांवर बोट फिरवलं आणि कागद मला परत दिला.

कालचं सांगते. बटाटे सालासकट उकडून टेबलावर ठेवले. मी बसले, त्या समोर बसल्या. त्यांनी एक बटाटा घेतला आणि सोलायला लागल्या. हात थरथरतात, नखं नीट चालत नाहीत, फार वेळ लागला. मी मदत केली नाही. झाल्यावर तो बटाटा त्यांनी माझ्या ताटात ठेवला. सालं आपल्या ताटात ओढून घेतली, त्यांना मीठ लावलं आणि एक एक करून तोंडात टाकायला लागल्या.

मी म्हटलं, इमा, बटाटे पुष्कळ आहेत.

त्या म्हणाल्या, "तू खा. मला सालंच आवडतात."

मी तो बटाटा खाल्ला, सगळा.

तुझी,
मिल्का